चेहऱ्यावरचे मोठे मुरूम आणि डॉक्टरांचे औषध

"तारुण्यात मुरूम यायचेच, लग्न झाले की आपोआप जातात," असे आपल्याकडे घरोघरी म्हटले जाते. ते निम्मे खरे आहे. बहुतेक मुलामुलींच्या तोंडावर तेराव्या-चौदाव्या वर्षी पुटकुळ्या उठतात आणि विशी ओलांडताना ओसरू लागतात. त्यात घाबरण्याजोगे काही नाही. परंतु काहींच्या बाबतीत प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. गालावर, हनुवटीवर, पाठीवर आणि छातीवर वाटाण्याएवढ्या, कधी बोराएवढ्या गाठी उठतात. त्या ठणकतात, पिकतात, फुटतात आणि बऱ्या होताना देवीच्या वणांसारखे खड्डे मागे ठेवतात. असा मुलगा मान खाली घालून चालू लागतो. अशी मुलगी लग्नकार्याला यायला नको म्हणते. "आपोआप जातील" म्हणून घरच्यांनी वाट पाहिली तर मुरूम कदाचित जातीलही, पण खड्डे जन्मभर राहतात.

या विषयावर आम्ही लिहीत आहोत याची दोन कारणे आहेत. ज्यांना औषधाची खरोखर गरज आहे अशी मुले डॉक्टरकडे जातच नाहीत, हे एक. आणि जी जातात ती पुष्कळदा डॉक्टरकडे न जाता औषधाच्या दुकानात जातात आणि कोणीतरी सांगितलेली ट्यूब किंवा कॅप्सूल घेऊन येतात, हे दुसरे. पहिल्या प्रकारात चेहऱ्याचे नुकसान होते. दुसऱ्या प्रकारात केव्हा केव्हा त्याहून फार मोठे नुकसान होते. ते कोणते, हे पुढे सांगतो.

मुरूम होतो कसा?

आपल्या कातडीत प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. वयात येताना शरीरातील संप्रेरके वाढतात आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी केसाच्या छिद्रातील मेलेल्या पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसते. ठिबक सिंचनाच्या नळीचे छिद्र क्षाराने बुजावे, तसाच हा प्रकार. आत तेल साठते, त्यात कातडीवर नेहमीच वस्तीला असलेले जंतू वाढतात, आणि शरीर त्यांच्याशी झुंजू लागले की लाली, सूज आणि पू येतो. बूच वरच्यावर असेल तर काळा किंवा पांढरा ठिपका दिसतो. छिद्राची भिंत आत खोलवर फुटली तर गाठ होते. खड्डा पडतो तो या खोल गाठीमुळे.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. मुरूम अस्वच्छतेमुळे होत नाहीत. दिवसातून दहा वेळा साबणाने तोंड घासून ते जात नाहीत, उलट कातडी सोलवटते. सौम्य साबणाने दोनदा तोंड धुणे पुरे. दुसरे असे की मुरूम हे कोणत्याही वाईट सवयीचे किंवा वाईट विचारांचे फळ नव्हे. मुलांना तसे टोचून बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे मनावर घ्यावे. पुष्कळ वेळा आईला किंवा बापाला तरुणपणी असेच मोठे मुरूम झालेले असतात. तोच वारसा मुलाकडे येतो.

हे मात्र टाळावे

मुरमावर टूथपेस्ट, चुना किंवा लिंबाचा रस लावू नये. त्याने कातडी भाजते आणि काळा डाग पडतो. तोंडाला खोबरेल चोपडू नये, त्याने छिद्रे आणखी बुजतात. मुरूम नखाने फोडू नये. ट्रॅक्टर व पंपाच्या दुरुस्तीत ज्यांचे हातपाय तेलाने माखतात त्यांच्या मांड्यांवर व हातांवर असेच फोड येतात. त्यांनी काम झाल्यावर लगेच आंघोळ करून कपडे बदलावेत. व्यायामशाळेत अंग भरण्यासाठी इंजेक्शने किंवा पावडरी घेणाऱ्या मुलांना अचानक पाठभर मुरूम उठले, तर त्यांनी ते डॉक्टरांपासून लपवू नये. क्षयाच्या व फिटच्या काही औषधांनीही मुरमांसारखे फोड येतात. म्हणून चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत, पण ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे स्टेरॉइडची ट्यूब. दुकानातून आणलेली ही ट्यूब लावली की चार दिवसांत लाली उतरते, रंगही उजळल्यासारखा वाटतो आणि माणूस खूश होतो. दोन-तीन महिन्यांनी मात्र कातडी पातळ होते, उन्हात आग होते, लाल शिरा दिसू लागतात, मुलींच्या तोंडावर केस वाढतात आणि मुरूम पूर्वीपेक्षा जोराने उठतात. ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. हे एक व्यसनच होऊन बसते. ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल तर ती मुरमांची ट्यूब नव्हे. या दुरुपयोगामुळेच २०१८ साली भारत सरकारने अशा अनेक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री करण्यास मनाई केली. तरीही ती मिळतात, हे आपण सर्व जाणतो. ज्यांना आधीच सवय लागली आहे त्यांनी एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे.

पहिली पायरी

साध्या व मध्यम मुरमांना बाहेरून लावायची औषधे पुरतात. अ‍ॅडापलीनसारखे जेल रात्री लावतात. ते बूच सैल करते. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतू मारते. (त्याने उशीचा अभ्रा व टॉवेल यांचा रंग उडतो, म्हणून पांढरे वापरावेत.) ही औषधे सहा ते आठ आठवड्यांपूर्वी गुण दाखवीत नाहीत. पहिल्या पंधरवड्यात कातडी कोरडी पडते आणि लोक "हे मानवत नाही" म्हणून सोडून देतात. आंब्याचे कलम आज लावून उद्या फळ मागत नाही, तसेच येथेही धीर धरावा.

पू असलेले मुरूम जास्त असतील तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या देतात. त्या पेलाभर पाण्याबरोबर घ्याव्यात आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. या गोळ्यांनी ऊन बाधते, तेव्हा शेतावर जाताना टोपी व पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना त्या चालत नाहीत. तीन-चार महिन्यांपलीकडे त्या सहसा देत नाहीत आणि एकट्या देत नाहीत, सोबत लावण्याचे औषध असतेच. याचे कारण शेतकऱ्याला वेगळे समजवायला नको. एकच कीटकनाशक दरवेळी फवारले तर कीड त्याला जुमानेनाशी होते. जंतूंचेही तसेच आहे.

ज्या मुलींची पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर केस वाढत आहेत त्यांच्या बीजकोशांचा दोष असू शकतो. त्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्यांचे उपचार वेगळे असतात.

मोठे औषध

एवढे करूनही गाठी थांबत नसतील, किंवा खड्डे पडू लागले असतील, तर त्वचारोगतज्ज्ञ आयसोट्रेटिनॉइन नावाची कॅप्सूल देतात. हे औषध जीवनसत्त्व 'अ' च्या कुळातले आहे. त्याचा मुरमांवरील गुण अमेरिकेत नीट ध्यानात आला. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. गॅरी पेक व त्यांचे सहकारी कातडीच्या दुसऱ्या विकारांवर त्याचा प्रयोग करीत होते. मुरूमही बरे होतात हे दिसल्यावर त्यांनी ज्यांना दुसऱ्या कशाने गुण येत नव्हता अशा १४ रुग्णांना ते दिले, आणि १३ जणांची कातडी पूर्ण स्वच्छ झाली. हा वृत्तांत १९७९ साली प्रसिद्ध झाला. १९८२ साली अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. आज भारतातील अनेक कंपन्या ते बनवतात.

तेलाची ग्रंथी आकसते, बूच बसत नाही, तेल नाही म्हणून जंतूंना खाद्य नाही, आणि सूजही उतरते. मुरूम होण्याच्या चारही कारणांवर एकदम काम करणारे दुसरे औषध नाही. शिवाय क्रम पुरा केल्यावर पुष्कळांना पुन्हा औषध लागत नाही. काहींना मुरूम परततात, त्यांना दुसरा क्रम द्यावा लागतो.

मात्रा वजनावर ठरते. साधारणपणे दर किलोमागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि पूर्ण क्रमात मिळून किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम, असा जुना हिशेब आहे. ५० किलोच्या मुलाला रोज २५ मिलिग्रॅम दिले तर ६००० मिलिग्रॅम पुरे व्हायला २४० दिवस, म्हणजे आठ महिने लागतात. आपल्याकडील अनेक डॉक्टर याहून कमी मात्राही देतात. हा हिशेब आम्ही अशासाठी मांडला, की दुसऱ्याची कॅप्सूल आपल्याला का चालत नाही आणि महिन्याभरात तोंड स्वच्छ दिसले तरी औषध का सोडू नये, हे कळावे. कॅप्सूल जेवणानंतर घ्यावी. जेवणात थोडे तेल-तूप असले की ती अंगी लागते, रिकाम्या पोटी बरीचशी वाया जाते. पहिल्या काही आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखे वाटू शकतात. तसे झाल्यास डॉक्टरांना दाखवावे.

सुरू करण्यापूर्वी आणि मधून मधून रक्त तपासतात, कारण या औषधाने रक्तातील चरबी वाढू शकते व यकृतावर ताण येऊ शकतो. म्हणून दारू वर्ज्य. फेस्ताच्या दिवसाचा अपवादही नको. जीवनसत्त्व 'अ' च्या गोळ्या किंवा कॉड माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सोबत घेऊ नयेत. डॉक्सिसायक्लिनच्या जातीच्या गोळ्याही त्याबरोबर चालत नाहीत, कारण दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. जोराची डोकेदुखी, उलट्या व अंधुक दिसणे ही त्याची खूण. असे झाल्यास कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

शेतकऱ्याने कोणती काळजी घ्यावी?

ओठ फुटणे हा त्रास जवळजवळ सर्वांना होतो. व्हॅसलिन खिशातच ठेवावे आणि दिवसातून अनेकदा लावावे. नाकाची आतली कातडी सुकून रक्त येते, तिलाही तेच. डोळे कोरडे पडतात, म्हणून मळणीच्या धुळीत व फवारणीच्या वेळी चष्मा लावल्याशिवाय उभे राहू नये. पाठ व सांधे दुखतात, आणि ज्या दिवशी जड काम जास्त होते त्या दिवशी अधिक. उसाच्या तोडणीचे किंवा भात लावणीचे दिवस डॉक्टरांना आधी सांगावेत. ऊन लवकर बाधते.

आणखी एक गोष्ट शहरातल्या डॉक्टरला सुचणार नाही. काहींना या औषधाने अंधारात कमी दिसू लागते. आपल्याकडे पंपाला वीज पुष्कळदा रात्रीच मिळते आणि तरुण मुलेच पाणी पाजायला जातात. विहिरीचा काठ, बांधावरचा साप आणि रात्रीची मोटारसायकल यांचा विचार करून, तसे वाटू लागल्यास रात्रीचे काम दुसऱ्याकडे द्यावे व डॉक्टरांना सांगावे.

औषध चालू असताना आणि थांबल्यावर एक महिना रक्तदान करू नये. आपले रक्त एखाद्या गरोदर बाईला दिले जाऊ शकते. रक्तदान शिबिरात उत्साहाने पुढे येणाऱ्या तरुणांनी हे विसरू नये.

पोटातल्या बाळाचा प्रश्न

आता ज्या मोठ्या नुकसानीचा सुरुवातीला उल्लेख केला, त्याकडे येतो. आईबापांनी हा भाग दोनदा वाचावा.

गरोदर स्त्रीच्या पोटात हे औषध गेले तर गर्भ पडण्याचा संभव असतो, आणि जगलेल्या बाळाचे कान, चेहरा, हृदय व मेंदू यांत जन्मजात दोष राहण्याचा धोका फार मोठा असतो. अशा गरोदरपणातून जन्मलेल्या १०० बाळांत सुमारे २० ते ३५ बाळांना असे दोष आढळले आहेत. वरून धडधाकट दिसणाऱ्या मुलांतही पुढे बुद्धीची वाढ कमी राहिलेली दिसली आहे. त्यासाठी फार दिवस औषध घ्यावे लागत नाही. थोड्या दिवसांचे, थोड्या मात्रेचे औषधही पुरते. अमेरिकेत परवानगीनंतर वर्षभरातच अशा बाळांच्या बातम्या येऊ लागल्या, आणि २००६ पासून तेथे प्रत्येक रुग्णाची नोंदणी केल्याशिवाय व स्त्रियांची दरमहा गर्भतपासणी केल्याशिवाय हे औषध देत नाहीत.

आपल्या गावांत धोका कोठे आहे ते पाहा. मुलीचे लग्न ठरते. तोंड स्वच्छ दिसावे म्हणून कोणीतरी दुकानातून ही कॅप्सूल आणून देते. मुलगी लग्नाच्या दिवसापर्यंत ती घेते, कदाचित पाकिटात उरलेल्या सासरी घेऊन जाते. पहिल्याच महिन्यात दिवस राहतात. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, तरी बाळाला जन्मभर भोगावे लागते.

म्हणून नियम असा. औषध सुरू करण्यापूर्वी गर्भ नाही याची तपासणी करून घ्यावी. औषध चालू असताना आणि शेवटच्या कॅप्सूलनंतर पूर्ण एक महिना दिवस राहता कामा नयेत. फवारणीनंतर किती दिवस भाजी तोडायची नाही हे डब्यावर लिहिलेले असते, आणि प्रामाणिक शेतकरी ते पाळतो. हा एक महिना तसाच पाळायचा आहे. लग्न ठरले असेल तर तारीख डॉक्टरांना सांगावी. औषध लग्नाच्या बरेच आधी संपले पाहिजे, नाहीतर सुरूच करू नये.

विवाहित स्त्रीला डॉक्टर गर्भधारणा टाळण्याविषयी विचारतील आणि ठाम उत्तर मागतील. नवराबायकोंनी तेथे संकोच करू नये, आणि आपण कसे वागतो ते खरे सांगावे. नैसर्गिक कुटुंबनियोजनाचे दिवस मोजून चालणाऱ्या जोडप्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे, की या औषधापुरता तेवढा भरवसा पुरेसा नाही. या काळात पूर्ण संयम पाळण्याचे दोघांनी मिळून ठरवावे. ते होणार नसेल तर हे औषध मागू नये. गरोदरपणात चालणारी इतर औषधे आहेत. पोटातला जीव परमेश्वराचे दान आहे असे आपण मानतो, तर चेहऱ्यासाठी तो पणाला लावणे आपल्याला शोभणारे नाही.

आणि इतके करूनही दिवस राहिले, तर त्या बाईने कॅप्सूल ताबडतोब थांबवून डॉक्टर गाठावा. भीतीपोटी लपवू नये. घरच्यांनी तिला दोष देऊ नये. अशा वेळी तिला बोलण्यापेक्षा आधाराची गरज असते. प्रत्येक बाळाला दोष राहतोच असे नाही, हेही तिला सांगावे.

पुरुषाने घेतलेल्या औषधाने त्याच्या बाळाला असा धोका असल्याचे दिसलेले नाही. मात्र आपली कॅप्सूल त्याने बहिणीला किंवा बायकोला कधीही देऊ नये, आणि उरलेली घरात पडू देऊ नये.

मनाकडेही लक्ष असावे

मोठ्या मुरमांनी तरुण मुले खचतात. शाळा बुडवतात, आरशात पाहत नाहीत, चारचौघांत बसत नाहीत. मुरूम बरे झाल्यावर पुष्कळांचे मन हलके होते. परंतु औषध चालू असताना काहींना उदासी, चिडचिड, झोप न येणे, जगणे नको असे वाटणे, असा त्रास झालेला आहे. तो किती औषधामुळे आणि किती मुरमांमुळे, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. घरच्यांनी वादात न पडता मुलाकडे लक्ष ठेवावे. आधी कधी असा त्रास झाला असेल तर तो सुरुवातीलाच सांगावा. मूल एकाएकी गप्प झाले किंवा मरणाच्या गोष्टी बोलू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पडलेले खड्डे कॅप्सूलने भरून येत नाहीत. त्यांवर सुई, लेसर वगैरे उपचार आहेत, पण त्यांना पैसा व वेळ दोन्ही लागतात आणि पूर्वीची कातडी परत येत नाही. म्हणून खड्डे पडण्याआधी उपचार करणे हेच शहाणपण. औषध चालू असताना मुलींनी तोंडाचे वॅक्सिंग करू नये, कातडी निघून येते.

डॉक्टर केव्हा गाठावा?

१. मुरूम गाठीसारखे, खोल व दुखरे असतील तर.
२. एक जरी खड्डा पडलेला दिसला तरी.
३. लावण्याचे औषध तीन महिने नीट वापरून गुण नसेल तर.
४. आईबापांपैकी कोणाला असे मुरूम होऊन वण राहिले असतील, आणि मुलाला लहान वयातच सुरुवात झाली असेल तर.
५. मुरूम फुटून जखमा झाल्या व सोबत ताप आणि सांधेदुखी असेल तर त्याच दिवशी.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग असतो आणि तेथे तपासणीला फार खर्च येत नाही. जाताना आतापर्यंत वापरलेल्या सर्व ट्यूब व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. रिकामी असली तरी न्यावीत. पिकावर रोग पडला की आपण रोगट पान तोडून कृषी अधिकाऱ्याला दाखवायला नेतो आणि आधी काय फवारले तेही सांगतो. मुलाच्या चेहऱ्यासाठी एवढे केलेच पाहिजे.